गोधडीबाबत ठराव

मका उभा होता तोवर ब्रेनाला ऑर्विलमामांची बंदूक फक्त ऐकू यायची. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या नवऱ्याने, कर्टने, हार्वेस्टर घालून मधलं शेत कापून काढलं आणि सगळा पडदाच उठला. चारशे पावलांवर, आपल्या कोठाराच्या मागे, पालथ्या बादलीवर म्हातारा बसलेला. डोळा मिटलेला, गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकलेला. त्याच्यापुढे शंभर पावलांवर निशाण. आणि निशाणाच्या मागे, सुतळी ताणून आखल्यासारखी सरळ रेषेत, ब्रेनाची कपडे वाळत घालायची दोरी.

निशाण म्हणजे एक जुना फ्रीझर होता, उभा केलेला, वाळू भरलेला. गेली वीस वर्षं मामा त्यातच गोळ्या मारत आले होते.

"दोरी दुसरीकडे बांधून दे," ती जेवताना कर्टला म्हणाली.

"देतो ना. पाऊस यायच्या आत शेवटचे साठ एकर उरकू दे."

"पाऊस कधी येणार?"

"रोजच येतोय," कर्ट म्हणाला, आणि सँडविच तोंडात धरूनच बाहेर पळाला.

त्या वर्षी पावसाने पाठ सोडली नव्हती. ओहायोचा हा कोपरा तसा परातीसारखा सपाट. पाणी पडलं की कुठे जावं हे त्याचं त्यालाच कळत नाही. म्हणून रस्त्यारस्त्याच्या कडेला माणूसभर खोल चर. सगळ्यात उंच जागा म्हणजे दफनभूमी, तीही रस्त्यापेक्षा अडीच फूट वर. निदान मेल्यावर तरी पाय कोरडे राहावेत म्हणून जुन्या लोकांनी भर घालून केलेली. ब्रेना डोंगराकडची. कॉलेजात कर्ट भेटला आणि ती इथे आली. पहिल्या वर्षी तिला चक्कर आल्यासारखं व्हायचं. नजर टेकवायलाच काही नाही. तिच्या आईने दोन नाताळांपूर्वी नातीला बर्फावरची लाल घसरगाडी पाठवली होती. तिचा उपयोग एवढाच, की चार वर्षांची ज्युनी तिच्यावर कोंबड्यांच्या खाद्याची पिशवी ठेवून अंगणभर ओढत हिंडायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. ब्रेनाने सासूबाईंनी लग्नात दिलेली गोधडी दोरीवर दुहेरी टाकली. तिचा आठ महिन्यांचा मुलगा वेस शेजारी टोपलीत बसून स्वतःचा मोजा चोखत होता. तिकडे बार झाला. नेहमीचाच आवाज. पण वारा नसताना गोधडीने एकदा अंग शहारल्यासारखं केलं.

ब्रेनाच्या तोंडात दोन चिमटे होते. ती ओरडली नाही. टोपली उचलली, ज्युनीचा दंड धरला आणि तिघं तळघरात जाऊन टोमॅटोच्या बरण्यांमध्ये बसली. चिमटे तोंडातच राहिलेत हे तिला ज्युनीने सांगितलं.

तासाभराने ती एकटी वर आली, भाजीची सुरी घेऊन दोरीमागच्या खुराड्याशी गेली आणि दाराच्या चौकटीत रुतलेली गोळी कोरून काढली. ती बाळाच्या खाण्याच्या रिकाम्या बरणीत टाकली आणि झाकण घट्ट लावलं. जणू आता ती निसटून परत उडणार होती.

दुपारी सासूबाई, डोरीन, आल्या. त्यांनी गोधडी पाहिली.

"उंदीर," त्या म्हणाल्या.

"आई, उंदीर दोन्ही पदरांना समोरासमोर एकेक भोक पाडून निघून जात नाही." ब्रेनाने बरणी पुढे केली.

डोरीनने चष्मा लावला. "ऑर्विल! अकरा महिने शिवली मी ही. अकरा! त्याच्या स्वतःच्या लग्नात मी त्याला उशीचे अभ्रे दिले होते, नुसते अभ्रे. आणि हा माझ्या गोधडीवर—"

"वेस तीन फुटांवर होता."

डोरीन खुर्चीत बसल्या. बराच वेळ गोधडीच्या भोकातून बोट घालत-काढत राहिल्या. "हे आधी सांगायचं असतं, बाई," त्या शेवटी हळूच म्हणाल्या.

ऑर्विल हे डोरीनचे चुलतभाऊ, म्हणून कर्टचे मामा; वय त्र्याहत्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, उजवा कान बंद. संध्याकाळच्या आत ते स्वतःच आले. एका हातात टोपी, दुसऱ्यात चर्चच्या विक्रीतून आणलेला ‘अ‍ॅपल पाय’, सफरचंदं भरून भाजलेला.

"वाळू गळली," ते दारातूनच म्हणाले. "फ्रीझर खालून गंजला होता. मला काय स्वप्न पडलं?"

"मग आता काय करणार, मामा?"

"पुठ्ठा लावलाय."

"पुठ्ठा!"

"जाड आहे गं. टीव्हीच्या खोक्याचा."

"थोडे दिवस बंदच ठेवा ना. क्लबचं मैदान आहे की."

"क्लबला पाऊण तास लागतो. आणि तिथे एक पोरगं शिट्टी मारणार, मग मी गोळी मारणार! हरणांचा मोसम सहा आठवड्यांवर आलाय. नेम बसवायला नको? नेम चुकला तर जनावर लंगडत, झुडपात शिरून, दोन दिवसांनी मरतं. मी आजवर एकही हरीण तसं मारलेलं नाही."

हे खरंच होतं. तेवढंच खरं हेही होतं, की दर हिवाळ्यात ब्रेनाच्या घरापुढचा बर्फ पहाटे कोणी न सांगता काढणारे मामाच. कर्टचे वडील आजारी पडले तेव्हा तीन आठवडे उशाशी बसलेलेही मामाच. त्यामुळे दुसऱ्या दिवशी शेरीफच्या पोलीसखात्यातला शिपाई वही उघडून म्हणाला, "फिर्याद देताय? नाव सांगा, लगेच लिहितो," तेव्हा तिला नाव सांगवेना.

"फिर्याद नको. नियम हवाय. घराच्या दिशेने गोळी मारायची नाही, एवढाच."

"नियम आमच्याकडे नसतो, बाई. नियम पंचायतीकडे." त्याने वही मिटली आणि निघताना मामांच्या अ‍ॅपल पायचा एक तुकडा खाल्ला.

पंचायत महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी अग्निशमन केंद्रात भरायची. बंब बाहेर काढायचा, खुर्च्या आत मांडायच्या. भिंतीवर केंद्राच्या मदतीसाठी काढलेल्या सोडतीचं पत्रक होतं. पहिलं बक्षीस बंदूक, दुसरं बक्षीस बंदूक, तिसरं डुकराचं अर्धं मांस. टेबलामागे तीन पंच. मधे लिऑन रूप, अध्यक्ष. पंचायतीचा जेसीबीही तोच चालवायचा आणि नखांतली माती तशीच घेऊन बसायचा. डावीकडे गस, ज्याच्या तोंडून एकोणीस वर्षांत "अनुमोदन" याखेरीज शब्द निघालेला कोणी ऐकला नव्हता. आणि उजवीकडे तिसरे पंच, बंद कान लोकांकडे करून बसलेले, ऑर्विलमामा.

कारकून पॅट्सीने अंडी उकडायचं घड्याळ पिळून ठेवलं. "नागरिकांना तीन मिनिटं. बोल, ब्रेना."

ब्रेनाने रात्री चार पानं लिहून काढली होती. तिने बरणी टेबलावर ठेवली. "ही माझ्या खुराड्याच्या चौकटीत सापडली. पंचायतीने असा नियम करावा, की बंदु—"

"थांब थांब थांब!" लिऑन दोन्ही हात वर करून उठला, जणू बरणीनेच त्याच्यावर नेम धरला होता. "तो शब्द नको."

"कोणता?"

"तोच. वकिलाचं पत्र आलंय." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "राज्याचा कायदा आहे. त्या... त्या वस्तूबद्दल, तिच्या गोळ्यांबद्दल, तिच्या सुट्या भागांबद्दल गावाने, पंचायतीने, कोणीही नियम करायचा नाही. सगळं राज्याच्या हातात. केला तर कोणीही उठून आपल्यावर दावा लावेल आणि रस्त्यांच्या वर्षभराच्या खडीचे पैसे वकिलाच्या घशात जातील. वकील म्हणतो, चर्चासुद्धा करू नका."

"मग राज्याला सांगू?"

"मागे एकाने फोन केला होता. ते म्हणाले, शेरीफला विचारा."

"शेरीफ म्हणतो पंचायतीला विचारा."

"मग बरोबर आहे, आलीस की तू."

पॅट्सीने पेन वर धरलं. "मी इतिवृत्तात काय लिहू? विषय लिहायला पाहिजे."

लिऑनने डोकं खाजवलं. "लिही... गोधडीबाबत तक्रार."

मागच्या खुर्चीवरून डोरीन गरजल्या, "अकरा महिने!"

"गेल्या वर्षी तुम्ही माझ्या अंगणातलं गवत आठ इंचांवर गेलं म्हणून नोटीस पाठवलीत," ब्रेना म्हणाली. "शेजारच्या हॉबर्टच्या कुत्र्याने किती वाजेपर्यंत भुंकायचं ते तुम्ही ठरवलंत. शेडची उंची, रेडिओचा आवाज, दारातल्या मोडक्या गाड्या. अ‍ॅकॉर्डियन दहानंतर वाजवायचं नाही असाही ठराव आहे."

"अ‍ॅकॉर्डियनवर आपला पूर्ण अधिकार आहे," लिऑन अभिमानाने म्हणाला.

"म्हणजे मामांनी माझ्या दोरीच्या दिशेने अ‍ॅकॉर्डियन वाजवलं तर?"

"तर उद्या बंद करून दाखवतो."

लोक हसले. ऑर्विलमामा लाल झाले. "मी काय मुद्दाम केलं का? पुठ्ठा लावलाय म्हणून सांगितलं ना!"

घड्याळ खणखणलं. ब्रेनाने बरणी उचलली. दाराशी तिला रडू आलं, ते तिने बंबाच्या आड उभं राहून उरकलं.

पुढचे दिवस कामाचे होते आणि चिखलाचे. कपडे स्वयंपाकघरात खुर्च्यांच्या पाठींवर वाळू लागले. ज्युनीला अंगणात जायचं असलं की घराच्या मागच्या, पलीकडच्या बाजूनेच; कोंबड्यांना खाणं घालायला ब्रेना एकटी जायची, आणि तिकडे मामा बादलीवर दिसले की तिच्या पाठीला मुंग्या यायच्या. ती वाकून चालायची. एकदा कर्टने तिला तसं पाहिलं. तो हसणार होता, पण हसला नाही. त्याच दिवशी हार्वेस्टर चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतला. ट्रॅक्टरने ओढायला गेले तर ट्रॅक्टर रुतला.

"चर तुंबलाय," कर्ट म्हणाला. "शेतातलं पाणी उतरणार कसं?"

लिऑन जेसीबी घेऊन आला. तीन दिवस तो मैलभर चर उपसत होता. निघालेला गाळ म्हणजे निळी, चिवट चिकणमाती, आत तणाचं बी ठासून भरलेलं. ती कोणालाच नको होती. दुपारी ब्रेना डबा घेऊन गेली तेव्हा लिऑन रस्त्याकडेच्या ढिगाकडे खिन्नपणे बघत उभा होता.

"एवढी माती," तो म्हणाला. "हॉबर्टला विचारलं, तो नको म्हणाला. चर्चला विचारलं, पाद्रीसुद्धा नको म्हणाला. ठेवू कुठे? ह्या मुलखात खड्डा काढता येतो, ढीग ठेवायला जागा मिळत नाही."

ब्रेनाने ढिगाकडे पाहिलं. मग शेतापलीकडे त्या फ्रीझरकडे. मग पुन्हा ढिगाकडे. डोंगर सोडून आल्यावर पहिल्यांदाच तिची नजर टेकली होती.

"लिऑन, मातीवर पंचायतीचा अधिकार आहे का हो?"

"चरातल्या मातीवर? पूर्ण!"

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी तिने एकही कागद नेला नाही. घड्याळ पिळलं गेलं.

"मला मातीबद्दल बोलायचंय," ती म्हणाली. तीन पंचांपैकी दोघांनी सुटकेचा श्वास सोडला. "चरातली माती ऑर्विलमामांच्या शेतात, बांधाला लागून, त्या फ्रीझरच्या मागे टाकावी. साठ फूट लांब, चौदा फूट उंच."

"चौदा फूट!" लिऑन म्हणाला. "दफनभूमीच्या वर जाईल."

"का टाकायची ते मला सांगता येणार नाही," ब्रेना म्हणाली. "वकिलाचं पत्र आहे."

खुर्च्यांमध्ये खसखस पिकली. ऑर्विलमामांनी चांगला कान तिच्याकडे केला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बाकावर गोधडी मांडीवर घेऊन बसलेल्या बहिणीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"जमीन माझी आहे, तेव्हा मी मत देत नाही," ते म्हणाले. "पण टाका. मलाही रात्री झोप येत नाही काही."

"माझ्या बाजूचा उतार जरा सौम्य ठेवा," ब्रेना घाईने म्हणाली. "नाहीतर माती ढासळेल."

"मी ठराव मांडतो," लिऑन म्हणाला.

"अनुमोदन," गस म्हणाला.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी टेकाड उभं राहिलं. लोक गाड्या थांबवून बघायला येऊ लागले. हॉबर्ट वर चढला आणि म्हणाला, इथून दोन चर्चं दिसतात. मामा बादलीवर बसून गोळी मारायचे, आणि ती ओल्या मातीत ढप्प करून बसायची. ब्रेनाने दोरीवर आधी एकच टॉवेल टाकून पाहिला. मग दोन. आठवड्याने वेस पुन्हा टोपलीतून अंगणात आला. मोसमाच्या पहिल्याच सकाळी मामांनी एका गोळीत हरीण टिपलं आणि मागची एक तंगडी ब्रेनाच्या ओट्यावर आणून ठेवली. सगळं छान झालं.

मग, डिसेंबरच्या मध्यावर, बर्फ पडला.

ब्रेना भांडी विसळत होती. खिडकीतून कोंबड्या दिसत होत्या, खाद्याची पिशवी जमिनीवर पडलेली दिसत होती, आणि पिशवीखाली असायची ती लाल घसरगाडी दिसत नव्हती. ज्युनीही नव्हती. अंगणातून बारीक पावलांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामधून एक रुंद पट्टा निघाला होता. तो सरळ टेकाडाकडे गेला होता.

ती अनवाणीच पळाली. अर्ध्या शेतात पोचली तेव्हा टेकाडाच्या माथ्यावर एक लाल ठिपका दिसला आणि पलीकडून मामांचा आवाज आला. "उतर! अगं कार्टे, खाली उतर! मी इथे नेम बसवतोय!"

"उतरते!" ज्युनी ओरडली, आणि घसरगाडीवर पालथी पडून, किंचाळत, सौम्य उतारावरून थेट आईच्या पायांशी आली. "आई! ही बघ कशासाठी असते!" तिने गाडी उंच धरली.

वळसा घालून मामा आले. बंदूक उघडलेली, गोळ्या मुठीत. "दोनदा डोळे पुसले मी," ते म्हणाले. "म्हटलं, तिकडे तांबडं काय हलतंय? मग चापावरचं बोटच उचललं जाईना." ते बर्फातच बसले. ब्रेनाही बसली. तिच्या पायांची बोटं निळी पडली होती. मामांनी आपली टोपी काढून तिच्या पायांवर घातली.

शनिवारपर्यंत बातमी फुटली. ह्या मुलखात दर घरात कोणाच्या तरी आजीने पाठवलेली एक घसरगाडी धूळ खात होती. सगळ्या बाहेर निघाल्या. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी कढईची झाकणं आणली, गाडीच्या टपाचं फायबर आणलं, कोणी तर बाळाचा टब. गसची पाच नातवंडं सकाळी सातला यायची आणि दिवे लागल्यावर जायची. खेळाच्या मैदानासारखा कल्ला. मामा बादली घेऊन तीनदा येऊन तीनदा परत गेले.

जानेवारीच्या पहिल्या सभेला खुर्च्या पुरल्या नाहीत.

"माझी तक्रार आहे," ऑर्विलमामा म्हणाले. "माझी जमीन, माझा ढिगारा, आणि मला तिथे... मला तिथे माझं काम करता येत नाही."

"काम कोणतं ते बोलू नकोस," लिऑन म्हणाला.

"नाही बोलत. पोरांचं काय ते बोला!"

लिऑनचा चेहरा उजळला. "घसरगाडीवर आपला पूर्ण अधिकार आहे! बंदी घालू शकतो, वेळ ठरवू शकतो, परवाना लावू शकतो." त्याने समोर पाहिलं. समोर अडतीस आईबाप बसले होते. उजळलेला चेहरा हळूहळू विझला. "म्हणजे... शकतो."

मामांनी सगळ्यांकडे नजर फिरवली. ती ज्युनीवर थांबली. ती आजीच्या मांडीवर झोपली होती.

"बंदी नको," ते पुटपुटले. "फक्त मला कळायला हवं ना, वर कोणी आहे का नाही. माथ्यावर एक खांब रोवा. पोरं असली की काहीतरी फडकवा. मोठं, रंगीत. ह्या डोळ्यांना दिसेल असं."

डोरीन उठल्या आणि गोधडी त्यांच्यापुढे टेबलावर आपटली. "घे. नाहीतरी भोकं तूच पाडलीस."

असा ठराव झाला: घसरगाड्या चालू असताना माथ्यावर गोधडी लावावी, खेळ संपल्यावर उतरवावी. उतरवण्याचं काम सगळ्यात जवळच्या घराकडे, म्हणजे ब्रेनाकडे.

आता ब्रेना काही विसरणारी बाई नव्हती. लसीच्या तारखा, दुधाच्या बाटलीची झाकणं, चुलीचं बटण, सगळं तिच्या ध्यानात असे. गॅस बंद केला का हे बघायला ती दोनदा उठे. पण ती गोधडी उतरवायचं तिच्या कसं कोण जाणे लक्षातच राहीना. सोमवारी राहिली. मंगळवारी वारा होता. बुधवारी वेसला सर्दी. गोधडी दिवसरात्र फडकत राहिली.

मामा दुर्बीण लावून बघायचे आणि फोन करायचे. "अजून वरच आहे गं?"

"पोरं कधी येतील सांगता येत नाही, मामा."

"मंगळवारी सकाळी दहाला? शाळा चालू असताना?"

"सुट्टी असली तर?"

शेवटी ते कुरकुरत पाऊण तास गाडी हाकून क्लबला जाऊ लागले. शिट्टीवाल्या पोराशी त्यांचं जुळलं म्हणे. त्यालाही उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं.

"तू डोंगराकडची," एकदा डोरीन सुनेला म्हणाल्या. "उतार सौम्य ठेवा म्हणालीस तेव्हाच तुला हे ठाऊक होतं ना?"

"माती ढासळली असती, आई," ब्रेना म्हणाली. याहून वेगळं उत्तर ती स्वतःलाही देत नसे.

मार्चच्या पहिल्या सोमवारी बर्फ वितळून चर खळखळत होते. ऑर्विलमामा उठले. "ठराव मांडतो. हिवाळा संपला. गोधडी उतरवण्याचा हुकूम ब्रेनाला द्यावा."

"गोधडीवर आपला पूर्ण अधिकार आहे," लिऑन म्हणाला. "ठराव मांडला गेलाय. अनुमोदन?"

सगळ्यांनी गसकडे पाहिलं. पॅट्सीने तर 'अनुमोदन: गस' असं लिहूनही टाकलं होतं.

गस आपल्या हातातल्या टोपीकडे बघत होता. त्याने ती एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली. अंडी उकडायचं घड्याळ टिकटिकत राहिलं. तीन मिनिटं संपून ते खणखणलं तरी एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच गस काही बोलला नाही.

पॅट्सीने लिहिलेलं खोडलं आणि 'अनुमोदनाअभावी ठराव बारगळला' असं लिहिलं.

ऑर्विलमामांनी गसकडे पाहिलं, मग मागच्या ओळीत ब्रेनाकडे, आणि खाली बसले. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. रडताहेत की काय म्हणून ब्रेना घाबरून अर्धवट उठली. पण तोंडावर टोपी धरून म्हातारा हसत होता.